कर्करोग उपचारांतील प्रगती आणि डॉक्टरांचे निरंतर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कर्करोगतज्ज्ञ नाही. हे शिक्षण माझ्यासाठी का महत्त्वाचे आहे?

उपचार चालू असलेला रुग्ण महिन्यातील एखाद-दुसरा दिवस कर्करोगतज्ज्ञाच्या ओपीडीत असतो आणि उरलेले सर्व दिवस घरी असतो. ताप आला, धाप लागली, जुलाब सुरू झाले, अंगात त्राण राहिले नाही, की तो आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जातो. गेल्या पंधरा वर्षांत बदललेल्या उपचारांचे दुष्परिणामही बदलले आहेत आणि ते पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर बहुतेक वेळा कर्करोगतज्ज्ञ नसतो.

एक नमुन्यादाखल प्रसंग घेऊ. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे इंजेक्शन घेतलेले, साठीच्या घरातील एक गृहस्थ आठवडाभर दिवसातून सात-आठ वेळा पातळ शौचास होते अशी तक्रार घेऊन येतात. औषधाचा शेवटचा डोस होऊन तीन महिने लोटलेले असल्याने ते त्याचा उल्लेख करत नाहीत, आणि डॉक्टरही ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत’ एवढेच विचारतात. अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवणारे लोपेरामाइड देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. वस्तुतः हा प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर केलेला हल्ला असू शकतो. अशा औषधांचे दुष्परिणाम उपचार थांबल्यानंतर कित्येक महिन्यांनीही प्रकट होतात. दिवसातून नेहमीपेक्षा सात किंवा त्याहून अधिक वेळा जास्त शौचास होणे ही तीव्रतेची तिसरी पायरी मानली जाते. अशा वेळी रुग्णाला दाखल करून, संसर्गाच्या तपासण्या पाठवून, शिरेतून स्टिरॉइड सुरू करावे लागते. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब या दाह शमवणाऱ्या औषधांचा विचार होतो. स्टिरॉइड पुढे एकदम बंद न करता किमान चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी करायचे असते. हे सर्व वेळीच घडते की आतड्याला भोक पडेपर्यंत लांबते, हे बऱ्याचदा एका प्रश्नावर ठरते : ‘गेल्या वर्षभरात कर्करोगासाठी कोणते इंजेक्शन घेतले होते का?’

थायरॉइड, पिट्युटरी आणि अधिवृक्क ग्रंथी, यकृत, फुप्फुसे, सांधे, त्वचा यांपैकी कोणत्याही अवयवावर असा परिणाम होऊ शकतो. अचानक उद्भवलेला टाइप १ मधुमेह किटोअ‍ॅसिडोसिसच्या (रक्तात आम्ल साचण्याच्या) रूपातही समोर येतो. हृदयस्नायूंचा दाह क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेतणारा असतो. अ‍ॅलोपॅथीच्या प्रत्येक शाखेतील डॉक्टरला या यादीचा भाग कधी ना कधी भेटणार आहे, म्हणून हे शिक्षण सर्वांसाठी आहे.

इतक्या वेगाने बदलणाऱ्या विषयात नेमके काय शिकायचे?

प्रत्येक नव्या औषधाचे नाव पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. त्याऐवजी औषधांचे गट आणि त्यांच्यामागचे कारण समजून घ्यावे, कारण गट कळला की त्यातील नवे नाव आपोआप जागेवर बसते. पेशीतील ठरावीक बिघाडावर नेम धरणाऱ्या औषधांपैकी १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅबला आणि २००१ साली इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून ‘अवयव कोणता’ या प्रश्नाच्या जोडीला ‘पेशीत बिघाड कोणता’ हा प्रश्न आला. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब आल्यावर प्रतिकारशक्तीला लावलेला लगाम सैल करणारी औषधे प्रत्यक्ष वापरात आली. ज्या संशोधनातून ती निघाली त्यासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१७ मध्ये मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा, सदोष असलेल्या गाठींसाठी, त्या शरीरात कुठेही असल्या तरी, पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता मिळाली. केवळ जैविक खुणेच्या आधारे, अवयव न पाहता दिलेली ती पहिली मान्यता होती. त्याच वर्षी पहिली कार-टी पेशी उपचारपद्धतीही (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरण्याची) मान्य झाली.

हा सांगाडा मनात पक्का असला की प्रत्येक गटाविषयी चारच गोष्टी विचाराव्या लागतात : हे औषध कोणत्या रुग्णाला चालते, ते ठरवणारी तपासणी कोणती, त्याचा सर्वांत धोकादायक दुष्परिणाम कोणता, आणि तो किती काळानंतर दिसू शकतो. माझ्या मते सामान्य चिकित्सकाने यांतील शेवटच्या दोन प्रश्नांवर अधिक वेळ द्यावा आणि कर्करोगतज्ज्ञाने पहिल्या दोनांवर. चारही प्रश्न दोघांनाही माहीत असावेत, हे वेगळे सांगायला नको.

नवे उपचार शिकताना जुन्या आणीबाणीच्या स्थिती मागे पडतात का?

पडतात, आणि तसे होऊ देऊ नये. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत आलेला ताप ही आजही सर्वांत नेहमीची आणीबाणी आहे. तोंडाने मोजलेले तापमान एकदा ३८.३ अंश सेल्सिअस भरले, किंवा ३८ अंशांवर तासभर टिकून राहिले, आणि न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली असतील किंवा तसे होण्याची चिन्हे असतील, तर रुग्ण आल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला पाहिजे. रक्ताचा रिपोर्ट येण्याची वाट पाहत बसू नये. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब येण्याच्या स्थितीतही वेळेचेच महत्त्व आहे. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालू शकतो तो पुढेही चालू शकण्याची शक्यता खूप अधिक असते. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची नव्याने सुरू झालेली, रात्री वाढणारी पाठदुखी स्नायूंची समजून सोडून देऊ नये.

एखाद्या अभ्यासाने खरोखर उपचार बदलायला हवेत, हे कसे ओळखावे?

निरंतर शिक्षणातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे कौशल्य हेच आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम पाहावे की अभ्यासात मोजले काय. रुग्ण किती काळ जगला आणि कसा जगला, हे दोन निष्कर्ष रुग्णाच्या दृष्टीने थेट महत्त्वाचे असतात. गाठ किती काळ वाढली नाही, हा निष्कर्ष लवकर हाती लागतो म्हणून संशोधक तो वापरतात, पण तो नेहमी आयुष्यात उतरतोच असे नाही. बेव्हॅसिझुमॅबचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात या औषधाने गाठ न वाढण्याचा काळ जवळपास दुप्पट झाल्याचे पहिल्या अभ्यासात दिसले आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित मान्यता मिळाली. पुढच्या अभ्यासांत तो फायदा आक्रसला, आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, रक्तदाब व रक्तस्राव यांसारखे धोके मात्र कायम राहिले. २०११ मध्ये त्या आजारासाठीची मान्यता काढून घेण्यात आली. मधल्या तीन वर्षांत ज्यांनी पहिल्या अभ्यासातील आलेखावर विसंबून औषध लिहिले त्यांनी आळस केला नव्हता. उलट ते अद्ययावत होते. त्यांना कमी पडली ती आलेख वाचण्याची सवय.

दुसरे, तुलना कोणाशी केली ते पाहावे. तुलनेच्या गटाला त्या काळातील सर्वोत्तम उपचार मिळाला होता का, आणि आजार वाढल्यावर त्या गटातील रुग्णांना नवे औषध घेण्याची मुभा होती का? हे दोन मुद्दे शोधनिबंधाच्या सारांशात क्वचितच सापडतात. त्यासाठी पद्धतीचा भाग आणि पुरवणी वाचावी लागते.

तिसरे, सापेक्ष आकड्यामागचा प्रत्यक्ष आकडा शोधावा. आजार परतण्याचा धोका ‘३० टक्क्यांनी कमी झाला’ असे वाक्य, मूळ धोका ४० टक्के असताना, १०० पैकी १२ रुग्णांना फायदा झाला असे सांगते. मूळ धोका ४ टक्के असेल तर तेच वाक्य १०० पैकी जेमतेम एका रुग्णाविषयी असते. समोर बसलेल्या रुग्णाला समजतो आणि निर्णय घ्यायला उपयोगी पडतो तो हा प्रत्यक्ष आकड्याचा हिशेब.

छोट्या अभ्यासांकडेही तुच्छतेने पाहू नये. २०२२ मध्ये डोस्टारलिमॅब या पेम्ब्रोलिझुमॅबच्याच गटातील औषधाविषयीच्या एका अभ्यासात, मिसमॅच रिपेअर सदोष असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या १२ पैकी सर्व १२ रुग्णांत गाठ पूर्ण दिसेनाशी झाली आणि त्यांना शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांची तेव्हा गरज पडली नाही. निकाल एवढा ठळक होता की संख्या लहान असूनही त्याचे मोल मोठे ठरले. मात्र वर्तमानपत्रांतून ‘कर्करोगावर रामबाण औषध सापडले’ असे वाचून रुग्ण आले, तेव्हा त्यांना सांगायची गोष्ट वेगळी होती : हा बिघाड गुदाशयाच्या साधारण ५ ते १० टक्के कर्करोगांतच असतो, म्हणून आधी गाठीची तपासणी करावी लागेल.

परिषदेत सादर झालेला निष्कर्ष दुसऱ्या दिवसापासून वापरावा का?

सहसा नाही. परिषदेतील सादरीकरण दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि त्यात दुष्परिणामांचे तपशील, उपगट, मध्येच अभ्यास सोडून गेलेले रुग्ण यांना जागा नसते. पूर्ण शोधनिबंध त्याच दिवशी प्रसिद्ध झाला असेल तर तो वाचून, आणि विभागातील सहकाऱ्यांशी बोलून, मग ठरवावे.

प्रगती म्हणजे नेहमी काहीतरी वाढवणेच असते का?

मुळीच नाही, आणि या प्रश्नावर निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांनी अधिक तास द्यावेत असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. नव्या औषधाला प्रायोजक मिळतो, पण अनावश्यक उपचार थांबवण्याच्या शिक्षणाला कोणी प्रायोजक नसतो.

टेलर-एक्स या अभ्यासात दहा हजारांहून अधिक महिला सहभागी झाल्या. संप्रेरक-संवेदनशील, हर-२ (पेशीवरील एक प्रथिन) नकारात्मक आणि काखेतील गाठींपर्यंत न पोहोचलेल्या स्तनाच्या कर्करोगात, आजार परतण्याचा धोका सांगणाऱ्या २१ जनुकांच्या चाचणीचा गुणांक ११ ते २५ असलेल्या बहुसंख्य महिलांना संप्रेरकविरोधी गोळ्यांवर केमोची भर घालून काही अधिक मिळत नाही, असे २०१८ मध्ये दिसून आले. पन्नाशीच्या आतील आणि १६ ते २५ गुणांक असलेल्या महिलांत मात्र थोडा फायदा दिसला, आणि हा अपवाद शिकवताना गाळता कामा नये. किरणोपचारात फास्ट-फॉरवर्ड या ब्रिटिश अभ्यासाने २०२० मध्ये दाखवले की लवकरच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात एका आठवड्यात पाच वेळा मिळून २६ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) देणे, हे तीन आठवड्यांत पंधरा वेळा मिळून ४० ग्रे देण्याच्या तुलनेत आजार आटोक्यात ठेवण्यात कमी पडत नाही. ज्या रुग्णाला रोज दूरवरून यावे लागते, काम बुडवावे लागते, सोबतीला कोणाला तरी आणावे लागते, तिच्या दृष्टीने दहा फेऱ्या वाचणे ही कोणत्याही नव्या औषधाइतकीच मोठी प्रगती आहे.

कधी नवे तंत्र जुन्याहून वाईटही ठरते. गर्भाशयमुखाच्या लवकरच्या टप्प्यातील कर्करोगात दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या साहाय्याने केलेली मूलगामी शस्त्रक्रिया कमी वेदनेची आणि लवकर घरी जाऊ देणारी, म्हणून जगभर रूढ झाली होती. २०१८ मध्ये लॅक अभ्यासाचे निष्कर्ष आले, तेव्हा साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या महिलांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात ९६.५ टक्के होते. ज्या शल्यचिकित्सकांनी वर्षानुवर्षे मेहनतीने कमावलेले कौशल्य या आजारापुरते बाजूला ठेवून पुन्हा उघडी शस्त्रक्रिया सुरू केली, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरने जनुकीय तपासण्यांविषयी किती जाणावे?

अहवालातील प्रत्येक बदलाचा अर्थ लावता आला नाही तरी चालेल. ऊतीचा तुकडा तपासणीयोग्य अवस्थेत प्रयोगशाळेत पोहोचेल इतके मात्र नक्की जाणावे. ही बाब बारीक वाटते, पण महागड्या तपासण्या इथेच वाया जातात. तुकडा शरीराबाहेर आल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात गेला पाहिजे आणि द्रव तुकड्याच्या साधारण दहापट असावा. स्तनाच्या नमुन्यांसाठी फॉर्मेलिनमधील काळ ६ ते ७२ तासांच्या दरम्यान असावा लागतो. त्याहून कमी किंवा अधिक झाल्यास संप्रेरक ग्राहक आणि हर-२ यांचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. हाडातील गाठीचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले तर डीएनए नष्ट होतो, म्हणून जनुकीय तपासणी अपेक्षित असल्यास ईडीटीए हे सौम्य रसायन वापरण्याविषयी पॅथॉलॉजिस्टशी आधीच बोलून ठेवावे. शनिवारी दुपारी घेतलेला आणि सोमवारी सकाळपर्यंत सलाइनच्या बाटलीत राहिलेला तुकडा कोणतेही अत्याधुनिक यंत्र वाचवू शकत नाही.

जुने अहवाल पुन्हा वाचण्याची सवयही लावून घ्यावी. हर-२ साठी ‘१+’ असा शेरा असलेला स्तनाचा कर्करोग पूर्वी सरळ नकारात्मक धरला जात असे. २०२२ नंतर, ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधामुळे, पसरलेल्या आजारात अशा रुग्णांसाठी उपचाराचा एक वेगळा मार्ग खुला झाला. या औषधाने फुप्फुसांच्या ऊतीचा दाह होऊ शकतो, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णाचा नवा कोरडा खोकला साधा समजू नये.

रक्तावरून होणारी ‘लिक्विड बायोप्सी’ ऊतीच्या बायोप्सीची जागा घेईल का?

काही ठिकाणी ती उपयोगी ठरली आहे. उदाहरणार्थ, आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगावरील डायनॅमिक अभ्यासात रक्तातील गाठीच्या डीएनएवरून निर्णय घेतल्याने केमो मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांपर्यंतचा निकाल खालावला नाही. पण नकारात्मक निकालावरून गाठीत जनुकीय बदल नाहीच असे म्हणता येत नाही, आणि वयानुसार रक्तपेशींत होणारे बदल गाठीचे समजले जाण्याचा धोकाही असतो. निदानासाठी सूक्ष्मदर्शकाखालील ऊती आजही लागते.

आमच्या रुग्णालयात कार-टी उपचार नाहीत. तरीही ते शिकावेत का?

थोडक्यात का होईना, शिकावेत, कारण उपचार घेऊन घरी परतलेला रुग्ण तुमच्याकडे येऊ शकतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप, रक्तदाब घसरणे आणि प्राणवायू कमी होणे ही सायटोकाइन रिलीज सिंड्रोमची (प्रतिकारशक्ती अति भडकण्याची) चिन्हे असू शकतात, आणि त्यावर टोसिलिझुमॅब वापरतात. हस्ताक्षर बदलणे, शब्द न आठवणे, गोंधळणे ही मज्जासंस्थेवरील परिणामाची सुरुवात असू शकते, आणि तिथे स्टिरॉइडचा आधार घेतला जातो. मूळ उपचार केंद्राला त्याच क्षणी फोन करावा. नंतरच्या महिन्यांत प्रतिपिंडे कमी राहून वारंवार संसर्ग होतात, हेही ध्यानात असावे.

व्याख्यान, वेबिनार, कार्यशाळा यांपैकी कशाचा उपयोग होतो?

शैक्षणिक सभांविषयीच्या २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) अपेक्षित वैद्यकीय वर्तनात झालेली मध्यक सुधारणा सुमारे ६ टक्के होती. हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. ज्या सभांत व्याख्यानाला चर्चा आणि सराव यांची जोड होती त्यांचा परिणाम अधिक दिसला, आणि गुंतागुंतीचे वर्तन बदलण्यात सभा कमी पडल्या. डॉक्टरच्या स्वतःच्या कामाची नोंद काढून ती त्याला परत दाखवण्याच्या पद्धतीचा परिणामही २०१२ च्या आढाव्यात सरासरीने असाच माफक, पण खरा होता. यावरून दिसते की एकाच साधनावर भिस्त ठेवू नये. आधी वाचन, मग प्रत्यक्ष रुग्णावर आधारित चर्चा, मग काही आठवड्यांनी प्रश्नोत्तरे, आणि शेवटी स्वतःच्या नोंदींची तपासणी, अशी साखळी अधिक टिकते.

मला सर्वांत आश्वासक वाटतो तो ‘इको’चा नमुना. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात तो सुरू केला, तेव्हा विषय हिपॅटायटिस सीचा होता. तज्ज्ञ आणि दूरदूरचे प्राथमिक डॉक्टर दर आठवड्याला दृक्श्राव्य माध्यमातून एकत्र येत आणि डॉक्टर आपलाच रुग्ण, नाव न सांगता, चर्चेला मांडत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते. आता कर्करोगाच्या तपासणीपासून वेदनाशमनापर्यंत अनेक विषयांसाठी हीच रचना वापरली जाते. तिचे बळ यात आहे की शिकणारा आपला खरा, अडलेला प्रश्न घेऊन येतो आणि पुढच्या आठवड्यात त्याचे काय झाले हे सर्वांना सांगतो.

ट्युमर बोर्डला हजर राहणे हे शिक्षण मानता येईल का?

होय, पण तिथे बोलायला हवे. शल्यचिकित्सक, केमो व किरणोपचार देणारे तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून एकाच रुग्णाचा विचार करतात, तेव्हा निर्णयामागची कारणे ऐकायला मिळतात, आणि ती पुस्तकात मिळत नाहीत. ज्येष्ठांचे मत आधी आले की कनिष्ठ गप्प बसतात, म्हणून निवासी डॉक्टरांनी आपले मत प्रथम सांगावे असा शिरस्ता ठेवावा. तीन महिन्यांनी जुन्या निर्णयांचा आढावा घेणारी एक बैठकही असावी, कारण बोर्डाने सुचवलेले उपचार रुग्णाला प्रत्यक्षात मिळाले का, हे बहुतेक ठिकाणी कोणी पाहत नाही.

मला कोणत्या विषयाची गरज आहे हे मीच ठरवू शकत नाही का?

पूर्णपणे नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात डॉक्टरांचे स्वतःविषयीचे मूल्यमापन आणि बाहेरून केलेले मूल्यमापन यांचा मेळ अनेकदा बसला नाही, आणि ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी होते त्यांच्यात ही तफावत अधिक होती. आपल्याला जे आवडते तेच आपण पुन्हा पुन्हा शिकत राहतो. गेल्या सहा महिन्यांतील स्वतःचे रुग्ण काढून पाहावेत : निदानाला उशीर कुठे झाला, कोणाला अनपेक्षितपणे दाखल करावे लागले, कोणत्या प्रश्नासाठी सहकाऱ्याला फोन करावा लागला. शिकण्याची यादी तिथून तयार होते.

औषध कंपनीने खर्च केलेल्या कार्यक्रमाला जावे का?

जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. विषय आणि वक्ते कोणी ठरवले, वक्त्यांनी आर्थिक संबंध सुरुवातीलाच जाहीर केले का, आणि प्रतिस्पर्धी उपचारांची किंवा उपचार न करण्याच्या पर्यायाची चर्चा कार्यक्रमात आहे का. संबंध जाहीर केल्याने पक्षपात नाहीसा होत नाही, फक्त ऐकणारा सावध होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की कर्करोगासारख्या क्षेत्रात, जिथे औषधांच्या किमतीने कुटुंबे कर्जात बुडतात, तिथे निरंतर शिक्षणाचा गाभा संस्थांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी स्वतःच्या खर्चाने चालवावा.

मार्गदर्शक सूचनांतील औषध रुग्णाला परवडत नसेल तर त्या शिकून काय उपयोग?

उपयोग आहे, पण सूचना कशा वाचायच्या हे त्यासाठी शिकावे लागते. सर्व शिफारशींचे वजन सारखे नसते. युरोपीय वैद्यकीय कर्करोग संघटनेने २०१५ मध्ये उपचाराच्या फायद्याचे परिमाण मोजणारी मापनपट्टी प्रसिद्ध केली, आणि जागतिक आरोग्य संघटना आवश्यक औषधांची यादी वेळोवेळी सुधारते. या दोहोंच्या आधारे, मोठा फायदा देणारे औषध कोणते आणि थोड्या आठवड्यांसाठी प्रचंड खर्च करायला लावणारे कोणते, हे वेगळे करता येते. पहिल्या प्रकारच्या औषधासाठी धडपड करावी. दुसऱ्या प्रकारचे औषध न घेतल्याने आपण अपराधी आहोत असे कुटुंबाला वाटू देऊ नये.

उपशामक उपचार हा ‘प्रगती’चा विषय आहे का?

निश्चितच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी अर्ध्यांना निदानानंतर लगेचच, नेहमीच्या उपचारांबरोबर, उपशामक उपचारही दिले गेले. त्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी झाले, शेवटच्या काळातील आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यक आयुर्मान ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने होते. हाच फायदा एखाद्या गोळीने दिला असता तर तिच्यावर किती सत्रे झाली असती याचा कार्यक्रमांच्या आयोजकांनी विचार करावा.

वाईट बातमी सांगणे हेही सरावाने शिकण्याचे कौशल्य आहे. व्याख्यानाने ते येत नाही. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीसमोर बसून, ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले गेले आहे?’ या प्रश्नाने सुरुवात करून, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहून ते येते. बहुतेक डॉक्टरांना त्यातील गप्प राहणेच सर्वांत अवघड जाते.

परिचारिका आणि औषधनिर्माते यांनाही सामील करावे का?

त्यांच्याशिवाय हे शिक्षण अपुरे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६६ रुग्णांच्या एका अभ्यासात रुग्णांनी आपली लक्षणे संगणकावर नोंदवली आणि त्रास वाढला की परिचारिकांना सूचना जात असे. या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने. औषधनिर्माते परस्परक्रिया पकडतात. कॅपेसिटाबीन ही केमोची गोळी सुरू झाल्यावर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव धोकादायकरीत्या वाढू शकतो, आणि आम्लपित्तावरील साध्या गोळ्यांमुळे एर्लोटिनिब किंवा डॅसॅटिनिब हे कर्करोगावरील औषध शरीरात नीट शोषले जात नाही.

क्रेडिट पॉइंट मिळाले म्हणजे शिक्षण झाले का?

पॉइंट ही उपस्थितीची नोंद आहे. त्यांचे नियम ज्या त्या वैद्यकीय परिषदेनुसार वेगळे असतात आणि ते पाळावेतच. शिक्षणाचा परिणाम मात्र कामात मोजावा. तापाच्या रुग्णाला पहिला अँटिबायोटिक डोस किती मिनिटांत मिळाला, केमोआधी हिपॅटायटिस बीची तपासणी किती जणांची झाली, हे आकडे प्रशिक्षणाआधी आणि नंतर सहा महिन्यांनी काढले तर उत्तर मिळते. आकडा हलला नाही तर दोष शिकणाऱ्याचा असेलच असे नाही. अनेकदा औषध कपाटात कुलूपबंद असते किंवा तपासणीचा अर्जच उपलब्ध नसतो, आणि तिथे आणखी एक व्याख्यान ठेवून उपयोग नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आता शिकणे गरजेचे आहे का?

वापर सुरू झाला आहे, त्यामुळे हो. स्वीडनमधील मासाई अभ्यासात मॅमोग्राम (स्तनांची क्ष-किरण चित्रे) वाचण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. मात्र ज्या लोकसमूहाच्या चित्रांवर प्रणाली शिकली त्याहून तुमचे रुग्ण वेगळे असतील तर निकाल तसाच राहील असे गृहीत धरू नये. संवादी प्रणालींकडून उपचारांची माहिती घेताना प्रत्येक डोस आणि प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी पडताळावा.

एकदा शिकलेले किती काळ चालते?

विषयानुसार. पाठदुखी आणि मज्जारज्जूविषयी वर जे लिहिले ते वीस वर्षांपूर्वीही खरे होते. आजाराचे टप्पे ठरवण्याचे नियम मात्र बदलत राहतात. २०२३ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या टप्प्यांत रेणवीय वर्गीकरण आले, त्यामुळे त्याच गाठीचा टप्पा ‘पोल’ जनुकातील बदलामुळे खाली आणि पी-५३ मधील दोषामुळे वर जाऊ शकतो. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी टीएनएम या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीची नववी आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात एन-२ ची (लसीका ग्रंथींतील प्रसाराच्या एका पायरीची) विभागणी एन-२ए आणि एन-२बी अशी झाली. दोन डॉक्टर दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत असतील तर एकाच रुग्णाविषयी बोलताना त्यांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून टप्पा लिहिताना त्यापुढे आवृत्तीही लिहावी, आणि विभागातील प्रत्येक छापील उपचारपत्रकावर ते कधी तपासले गेले आणि पुन्हा कधी तपासायचे आहे या दोन तारखा असाव्यात.